आवारातले सहाजण

कंट्रोलर आत्याच्या हातातून सुटला आणि थेट टेबलाखाली गेला. ती करवादत वाकली. वायरींच्या जंजाळात तो सापडायला वेळ लागला, कंबर सरळ करायला त्याहून जास्त लागला, आणि वर येऊन पाहते तर तिचा नायक अजून जिवंत!

किल्ल्याच्या आवारात तो चिखलात उभा होता. तलवार खाली, ढाल खाली, भोवती सहा चिलखती शिपाई. एव्हाना त्याचा लगदा व्हायला हवा होता. आत्याने डोळे बारीक केले. मग तिने कंट्रोलर मुद्दाम टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसती बघत बसली. शिपाई गोल फिरत होते. एकाने भाला उचलला, परत खाली घेतला. दुसरा दोन पावलं पुढे आला आणि काही विसरल्यासारखा मागे गेला. बऱ्याच वेळाने तिसरा आला, त्याने एक वार केला, नायक कळवळला, आणि तोवर बाकीचे पाच शहाण्या मुलांसारखे उभे राहिले.

"मेल्यांनो," आत्या पडद्याला म्हणाली, "तिकिटाच्या रांगेत उभे आहात का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जायलाच हवी होती. या आवारातून ती गेल्याच आठवड्यात जिवंत बाहेर पडली होती. पडली तेव्हा खुर्चीतून उठून अशी ओरडली होती, की हिशेब बघणारा टकलू गृहस्थ कुठे आग लागली म्हणून धावत आला होता. आणि आता कळत होतं, की ती लढली नव्हतीच. सहाजणांनी तिला वाट करून दिली होती.

कंपनी तिच्या भाच्याची. तो आत्या म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायचे. तो टकलू गृहस्थ तिच्याहून वयाने मोठा, तोही. कंपनीत येण्याआधी तिने आयुष्यभर जुन्या हत्यारांची लढाई शिकवली होती, भाड्याच्या एका लांबट खोलीत, जिच्या भिंतींना घामाचा वास कायमचा लागला होता. भाचा एक दिवस तिथे आला आणि म्हणाला, आत्या, असा गेम करायचाय ज्यात तलवारीला वजन असेल. तिने आधी त्याला वेड्यात काढलं. मग स्वतःच वेडी झाली.

पहिला भाग आला तेव्हा लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. नायक दमतो म्हणून घातल्या. शिरस्त्राणाची झडप पाडली की समोरचं नीट दिसत नाही म्हणून घातल्या. चिलखतावर तलवार आपटून काही होत नाही, काखेतली फट शोधावी लागते; दोघं एकदम आले तर शौर्य गुंडाळून पळावं लागतं. हे कसलं खेळणं, म्हणाले. पण जे टिकले ते पागल झाले. त्या गेममधला एकेक शिपाई म्हणजे आत्याच होती. काळा घट्ट पोशाख घालून, अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवून तिने प्रत्येक पाऊल, प्रत्येक वार, प्रत्येक मरण कॅमेऱ्यांसमोर करून दाखवलं होतं, आणि तीच हालचाल पडद्यावरच्या शिपायांत उतरली होती. दुसऱ्या भागात चिलखतं नवी आली, आतली हालचाल तीच ठेवली.

आणि नियमही तोच ठेवला होता. आवारातली लढाई ही सगळ्यात अवघड. आत्या तिथून जिवंत बाहेर पडून 'पास' म्हणाल्याशिवाय गेम दाराबाहेर जायचा नाही. जाणता मेला तर खेळ खोटा आणि अजाणता जगला तर खेळ खोटा, असं ती सांगायची, आणि पहिल्या भागाच्या वेळी तिने महिनोन् महिने सगळ्यांना लटकवून ठेवलं होतं. आता सोमवारी दुसरा भाग जायचा होता. तिच्या 'पास'वर.

ती उठली आणि मुनीच्या टेबलाशी गेली. मुनी म्हणजे शिपायांचं डोकं लिहिणारा. कोणता शिपाई कधी पुढे येईल, कधी घाबरेल, कधी मागून घुसेल, हे सगळं त्याच्या हातात. त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर त्या दिवशी ऑफिसात चर्चा व्हायची. आत्याने त्याच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

"काय केलंस माझ्या शिपायांचं?"

मुनीने तिच्याकडे पाहिलं, मग लांब तिच्या मशीनकडे पाहिलं.

"का? काय झालं?"

"रांग लावतात रे! एकजण मारतो, पाचजण बघतात. लढाई आहे की दाढीचं दुकान? पुढचा कोण, या बसा!"

"बघतो मी."

"बघतो काय बघतो! आपोआप झालं का ते? तुझ्याशिवाय कोण हात लावतं त्याला?"

शेजारच्या टेबलावरून कानसेन वळली. गेममधले आवाज तिच्याकडे. पत्र्यावर साखळी आपटून चिलखताचा आवाज काढणारी ही बाई दुसऱ्या खोलीत कुणी उसासा टाकला तरी कोण ते ओळखायची, म्हणून ते नाव. ती हळूच म्हणाली,

"आत्या, पाणी देऊ?"

"पाणी नको मला. तुला माहीत होतं?"

कानसेनने मान वळवली. ती आपल्या कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली. म्हणजे माहीत होतं. आत्याला आता सगळं लख्ख दिसायला लागलं. वरून सांगितलं असणार: लोक मरून मरून कंटाळतात, दुसऱ्या भागात जरा हात सैल सोडा. बाजाराला गोड लागेल असं करा. आणि या सगळ्यांनी माना डोलावल्या, तिला न विचारता, तिच्याच शिपायांच्या पायांत घुंगरू बांधले.

काचेच्या केबिनमधून भाचा बाहेर आला.

"आत्या, काय झालं? खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे! खालच्यांनाही कळू दे, इथे काय चाललंय ते. काय रे राजा, दुसरा भाग काढायचा म्हणजे पहिल्याचं नाक कापायलाच हवं का?"

"कुणी नाक कापलं?"

"तू. सहाजणांत उभा राहून माणूस जगतो तुझ्या गेममध्ये. हत्यार खाली टाकून! हे लोकांना विकणार आहेस माझं नाव लावून? माझं नाव काढ आधी. मी पास म्हणाले ते परत घेते, आणि सोमवारी काय न्यायचं ते ने. माझ्याशिवाय ने."

भाच्याचा चेहरा उतरला. "लढाई सोपी केलेली नाही, आत्या. माझ्यावर विश्वास ठेव."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चल, दाखवते. सगळे चला. मोठ्या पडद्यावर दाखवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको, आम्हाला दिसलं नाही."

"मोठ्या पडद्यावर कशाला? तुझ्याच मशीनवर बघू ना."

"का? तिथे काय अडचण आहे?"

बैठकीच्या खोलीतल्या मशीनवर सोमवारी जाणारा गेम जसाच्या तसा चढवून ठेवलेला होता. मुनी खुर्चीतून उठून उभा राहिला.

"आत्या, तिथे नको," तो म्हणाला. "प्लीज."

"चोराच्या मनात चांदणं," आत्या म्हणाली आणि चालू लागली.

खोलीत पंधरा-वीसजण जमले. काहींनी खुर्च्या घेतल्या, बरेचसे भिंतीला टेकले. आत्याने आवार उघडलं. तोच चिखल, तेच सहाजण. नायकाला मधोमध नेलं, तलवार खाली घेतली आणि सगळ्यांना दिसेल असा कंट्रोलर टेबलावर आपटला.

"बघा. आता मी जाते, चहा पिते, मैत्रिणीला फोन करते, आणि परत आले तरी हा इथेच..."

भाला पाठीतून आला. त्याच क्षणी डावीकडून कुणीतरी गुडघ्यामागे वार केला, नायक चिखलात बसला आणि तिसऱ्याने झडपेच्या फटीत खंजीर घातला. कानसेनने त्यासाठी केलेला तो ओला, छोटा आवाज भिंतींवरच्या स्पीकरमधून खोलीभर झाला. पडदा काळा झाला.

"हे काय?" आत्या म्हणाली.

तिने पुन्हा आवार उघडलं. पुन्हा कंट्रोलर खाली ठेवला. या वेळी चौघं एकदम आले. तिसऱ्यांदा तर तिचा हात टेबलापर्यंत पोचायच्या आत सगळं आटोपलं.

रांग नव्हती. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. जशी तिला हवी होती, अगदी तशीच लढाई, नीच आणि खरी. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने वळून पाहिलं. काही नवी पोरं गोंधळून एकमेकांकडे बघत होती. मुनी बुटांकडे बघत होता, कानसेन खिडकीकडे, भाचा तिच्याकडे. या तिघांपैकी चकित कुणीच झालं नव्हतं.

"मुनी, माझ्या मशीनवर वेगळं आहे?"

मुनीने होकारार्थी मान हलवली.

"फक्त माझ्या?"

"हो."

भाच्याने बाकीच्यांना खुणेने बाहेर घालवलं. दार लागलं. चौघंच उरले.

"आत्या, तू बस आधी."

"मी उभी बरी आहे. बोल."

तो बोलायला लागला, आणि लहानपणी काच फोडली की जसा बोलायचा तसाच, भराभर, खाली बघत. मागच्या वर्षी तू रोज आवारात मरत होतीस. रोज संध्याकाळी मुनीकडे येऊन सांगायचीस, तुझे शिपाई अन्याय करतात, त्यांना पाठीलाही डोळे आहेत, त्यांचा वेग कमी कर. तो कमी करायचा. दुसऱ्या दिवशी तू परत मरायचीस, तो परत कमी करायचा. असं करत करत शिपाई इतके म्हातारे झाले, की...

तो थांबला. शब्द तोंडातून गेला होता.

"की काय?"

"की इथली पोरं जेवताना एका हाताने जिंकायला लागली. लढाईच मरत चालली होती, आत्या. तुला ते दिसत नव्हतं. मग आम्ही सगळ्यांसाठी पहिल्यासारखं केलं. आणि तुझ्या मशीनवर..."

"माझ्या मशीनवर रांग लावली."

"हो."

"म्हणजे माझा गेम माझ्यापासून वाचवलात."

भाच्याची नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली.

"काही झालेलं नाही मला," आत्या म्हणाली. "कंट्रोलर रद्दी आहेत तुमचे. बटणं दगडासारखी. दोनदा बदलून मागितले."

"दोन्ही वेळा कोरे आणले होते, आत्या," कानसेन म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला ऐकू येतं ना. समोरचा वार उचलतो, आणि तुमचं बटण... जरासं नंतर वाजतं. पहिल्या भागाच्या वेळी आधी वाजायचं. वार उचलायच्याही आधी."

आत्याने उजवी मूठ मिटली, उघडली. अंगठा सरळ व्हायला नेहमीसारखाच रेंगाळला. गेले कित्येक महिने ती डब्याची झाकणं दातांनी उघडत होती, आणि झाकणं बनवणाऱ्यांना शिव्या देत होती.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं! मग? वाईट वाटायचं नाही असं कुठे लिहून दिलंय मला?" तिचा आवाज एवढा चढला, की काचेपलीकडे चालणारा कुणीतरी जागच्या जागी थबकला. "माझ्या खोलीत एकच गुन्हा होता. समोरच्याला न सांगता वार हलका करणं. दमलास तर सांग, दुखतंय तर सांग, रडायचं असेल तर कोपऱ्यात जाऊन रड. पण खोटं हरायचं नाही! त्यासाठी मी चांगली चांगली माणसं दाराबाहेर काढली आहेत. आणि तुम्ही मला गेल्या आठवड्यात नाचवलंत. नाचले मी इथे, सगळ्यांसमोर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात!"

टाळ्या वाजवल्या होत्या. भाच्याने तर मिठीसुद्धा मारली होती.

"आत्या," मुनी म्हणाला, "चूक झाली."

"चूक झाली असती तर माफ केली असती. तुम्ही दया केलीत. माझ्यावर! सरका बाजूला."

तिने खुर्ची ओढली, बसली आणि कंट्रोलर हातात घेतला. या वेळी ठेवायला नाही. नायक आवारात उतरला आणि ती लढली. मेली. पुन्हा उतरली, भिंतीला पाठ लावून लढली, एकाला पाडलं, मेली. भाचा म्हणाला, "आत्या, पुरे," आणि ती म्हणाली, "तू गप्प बस." स्पीकरमधून नायकाचा धापा टाकलेला श्वास आणि तिचा स्वतःचा श्वास, दोन्ही ऐकू येत होते.

कितव्यांदा कोण जाणे, पण एकदा ती उतरल्या उतरल्या पळाली. सरळ पाठ दाखवून आवारभर पळाली आणि बुरुजाच्या जिन्याच्या अरुंद दारात जाऊन उलटी फिरली. तिथे एका वेळी एकच माणूस मावत होता. आता थांबणं त्यांना भाग होतं, आणि ते तिने त्यांच्यावर लादलं होतं. पहिला आला, तिने त्याचा भाला ढालीने दाबला आणि काखेत टोक घातलं. दुसरा पहिल्याच्या प्रेतावरून अडखळला. तिने त्याला अडखळू दिलं आणि मग संपवला. मुनी नकळत दोन पावलं पुढे आला होता.

तिसरा आला. त्याने डावा खांदा इवलासा खाली सोडला.

आत्याने तो खांदा ओळखला. भोसकण्याआधी डावा खांदा टाकायची तिची ती जुनी खोड. तिच्या गुरूंनी त्यासाठी छडी मोडली होती तिच्यावर, तरी गेली नव्हती. म्हणजे आता हा सरळ येणार, पोटाच्या उंचीवर, आणि शेवटच्या क्षणी मनगट वर वळवणार. सगळं तिला माहीत होतं. ढाल अर्धा हात डावीकडे, बस, एवढंच करायचं होतं. तिने अंगठ्याला सांगितलं. अंगठा निघाला. तलवार आधी आली.

पडदा काळा झाला.

आत्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला, हळूच, दोन्ही हातांनी.

"पास," ती म्हणाली.

"पण आत्या," भाचा म्हणाला, "तू बाहेर नाही पडलीस."

"तो काय करणार हे मला दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. मला कळलं, आणि तरी मी मेले. अंगठा माझा उशिरा पोचला, खेळात खोटं काही नाही. सोमवारी पाठव."

"आणि तुझं नाव?"

"राहू दे. लढाई माझीच आहे."

तो जवळ आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"हात लावू नकोस. राग गेलेला नाही माझा. इतक्यात जाणारही नाही."

"बरं. पण डॉक्टरकडे जाशील?"

"जाईन."

"मी येतो बरोबर."

"मी एकटी जाईन. तिथेही तू त्यांना काहीतरी हळूच सांगशील."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच तिने म्हटलं होतं, आणि लागलेलं बघून तिला बरं वाटलं नाही. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत. ती दार उघडून बाहेर पडली. बाहेरची सगळी मंडळी एकदम आपापल्या पडद्यांत घुसली. टकलू गृहस्थ तर उलट्या धरलेल्या कागदाकडे टक लावून बघत होता.

"मुनी," तिने मागे न बघता हाक मारली, "इकडे ये. माझ्या मशीनवरचं ते काढ. आत्ता. माझ्यासमोर."

मुनी आला. तिच्या खुर्चीत बसायला तो कचरला, तेव्हा तिने त्याला दंडाला धरून बसवलं. तो टाइप करत होता आणि ती त्याच्या मागे उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती, कळत नव्हती तरी.

"पण आत्या," पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "मग तुम्ही रोज मरणार."

"मग मरेन. पण तुझ्याकडे येऊन कधी म्हटलं, की शिपाई अन्याय करतात, तर तोंडावर सांगायचं, आत्या, शिपाई बरोबर आहेत. जमेल?"

मुनीने शेवटची ओळ खोडली.

"अवघड आहे," तो म्हणाला.

"अवघड आहे म्हणूनच सांगतेय. झालं का?"

"झालं."

तो उठला. आत्या बसली, खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा धरून तो बटणावर नीट ठेवला. कानसेन, भाचा, मुनी मागे उभे होते. जा म्हटलं असतं तर गेले असते. तिने म्हटलं नाही.

नायक आवारात उतरला. सहाही शिपायांनी एकदमच माना वळवल्या.

"या," आत्या म्हणाली. "सगळे या."